ग्राहकाचा नंबर न मागता त्याला खबर देण्याची सोय : वेब फीड

मुंबईतल्या लहान-मध्यम व्यावसायिकांच्या वेबसाइट तयार करणे आणि पुढे वर्षानुवर्षे त्या सांभाळणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे एक तक्रार माझ्या कानांवर सतत पडते. वेबसाइटवर नवीन माहिती टाकली जाते, पण ती टाकल्याचे ग्राहकाला कळत नाही. लोहार चाळीतला वायर आणि स्विचगिअरचा घाऊक विक्रेता नवे दरपत्रक वेबसाइटवर चढवतो, तरी वसईचा कॉन्ट्रॅक्टर दुकान उघडताच फोन करून "नवीन लिस्ट आली का हो?" असे विचारतोच. बॅलार्ड इस्टेटमधला कस्टम्स ब्रोकर आयातशुल्काच्या नव्या अधिसूचनेवर मेहनतीने टिपण लिहितो, आणि ज्या आयातदारासाठी ते लिहिले त्याच्या नजरेस ते पडते माल न्हावा शेवाला उतरल्यानंतर. दादरच्या पुस्तकविक्रेत्याकडे नवी पुस्तके येतात, त्यांची नोंद वेबसाइटवर होते, आणि नेहमीचा वाचक मात्र दुकानात आल्यावर "हे कधी आलं?" म्हणून चकित होतो. यात ग्राहकाचा काही दोष नाही. दहा दुकानांच्या वेबसाइट रोज सकाळी उघडून कुठे काय बदलले ते तपासत बसायला कोणाकडेच वेळ नसतो.

यावरचा सध्याचा सर्वमान्य तोडगा म्हणजे व्हॉट्सॲप. तो वाईट नाही, पण त्याला मर्यादा आहेत. साध्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणांपलीकडे जाता येत नाही, आणि ज्या ग्राहकाने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवलेला नाही त्याला तो संदेश पोहोचतच नाही. व्यवसायांसाठीची मोठी सेवा घेतली तर पैसे मोजावे लागतात. एसएमएसचा मार्ग धरला तर दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८च्या नियमांप्रमाणे पाठवणाऱ्याचे नाव आणि संदेशाचा मसुदा आधी नोंदवून घ्यावा लागतो, आणि दरपत्रकाच्या प्रत्येक नव्या प्रकारासाठी मसुद्याची उठाठेव करण्याचा उत्साह लोहार चाळीत मला तरी कुठे आढळलेला नाही. ईमेल उत्तम, परंतु पत्ते गोळा करा, ते जपा, नको म्हणणाऱ्यांना वगळा आणि तरीही आपले पत्र जाहिरातींच्या कप्प्यात जाऊन पडू नये म्हणून प्रार्थना करा, असा तो व्याप आहे.

या सगळ्या मार्गांत एक गोष्ट सारखी आहे : ग्राहकाचा नंबर किंवा पत्ता आधी आपल्या हाती यावा लागतो. आणि मुंबईचा ग्राहक आता नंबर द्यायला कचरतो. एकदा कुठे तरी नंबर दिला की पनवेलच्या फ्लॅटपासून वैयक्तिक कर्जापर्यंत सगळ्यांचे फोन सुरू होतात, हे त्याने पुरेसे सोसले आहे. शिवाय २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यामुळे अशी यादी बाळगणे ही आता जबाबदारी झाली आहे. संमती कशासाठी घेतली होती हे विचारले गेले तर उत्तर देता आले पाहिजे.

माझ्या प्रत्येक ग्राहकाला मी म्हणूनच आधी वेब फीड नीट करून घ्यायला सांगतो आणि बाकीचे मार्ग त्यावर उभे करायला सांगतो. फीड म्हणजे वेबसाइटवर ठेवलेली एक साधी मजकूर-फाइल, जिच्यात सर्वांत अलीकडच्या दहा-वीस नोंदी ठरावीक साच्यात, नवीन आधी या क्रमाने, मांडलेल्या असतात. ग्राहक आपल्या फोनवरच्या किंवा संगणकावरच्या फीड-वाचक ॲपला त्या फाइलचा पत्ता एकदा देतो. पुढे ते ॲप ठरावीक वेळाने स्वतःहून ती फाइल आणते, आधी न पाहिलेली नोंद दिसली की ती ग्राहकापुढे ठेवते, आणि एरवी गप्प राहते. सोसायटीच्या नोटीस बोर्डाजवळून जाता-येता कोणी आपल्या वतीने तो वाचून घ्यावा आणि नवीन कागद लागला असेल तरच सांगावे, तसे हे आहे. ग्राहकाने काय लावून घेतले आहे हे आपल्याला कळत नाही, आणि नकोसे झाले तर तो त्याच्या ॲपमधून ते काढून टाकतो. त्यासाठी त्याला आपली परवानगी लागत नाही, की 'अनसबस्क्राइब'चे बारीक अक्षरांतले बटण शोधत बसावे लागत नाही. दोरी त्याच्या हातात असल्यामुळेच तो ती बांधून घ्यायला तयार होतो.

"पण ते आरएसएस तर केव्हाच बंद झालं ना?" हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक बैठकीत विचारला जातो, म्हणून थोडा इतिहास सांगणे भाग आहे. आरएसएस हे फीड लिहिण्याच्या एका साच्याचे नाव. त्याची पहिली आवृत्ती नेटस्केपने मार्च १९९९मध्ये आपल्या पोर्टलसाठी काढली. पुढे दोन गट पडले, एकाने डिसेंबर २०००मध्ये १.० काढली तर दुसऱ्याने सप्टेंबर २००२मध्ये २.०, आणि या भांडणाला कंटाळलेल्या तिसऱ्या मंडळींनी ॲटम नावाचा नवा साचा तयार केला, जो डिसेंबर २००५मध्ये इंटरनेटचे प्रस्तावित मानक म्हणून प्रसिद्ध झाला. आज २.० आणि ॲटम हे दोनच वापरात आहेत असे व्यवहारापुरते धरून चालावे, आणि सगळी वाचक ॲप दोन्ही वाचतात. बंद झाले ते गूगल रीडर, १ जुलै २०१३ रोजी. डिसेंबर २०१८मध्ये फायरफॉक्सनेही ब्राउझरमधली फीड वाचण्याची सोय काढून टाकली आणि फीडचे नारिंगी चिन्ह बहुतेक लोकांच्या नजरेआड झाले. वाचण्याचे एक दुकान बंद झाले म्हणून लिहिणे थांबले नाही. बहुतेक पॉडकास्ट आजही आरएसएस फीडवरच चालतात, वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या प्रणालीवर उभ्या असलेल्या प्रत्येक वेबसाइटला फीड जन्मतःच मिळतो, आणि मुंबईतच मुख्यालय असलेल्या रिझर्व्ह बँक आणि सेबी या दोन्ही संस्थांच्या वेबसाइटवर परिपत्रके आणि प्रसिद्धिपत्रकांचे फीड उपलब्ध आहेत. फोर्टमधल्या कित्येक सीए आणि कंपनी सेक्रेटरी कार्यालयांत सकाळचा चहा येईपर्यंत कोणी तरी ते डोळ्यांखालून घातलेले असतात. तुमचे ग्राहक अशा कार्यालयांत असतील तर त्यांना फीड काय ते शिकवावे लागत नाही. तुमचा पत्ता त्यांच्या यादीत एक ओळ म्हणून वाढतो इतकेच.

वर्डप्रेसमध्ये वेबसाइटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन 'फीड' हा शब्द इंग्रजीत लिहिला की फीड समोर येतो. पुष्कळ व्यावसायिकांच्या वेबसाइटवर तो त्यांच्या नकळत अनेक वर्षे चालू असतो. मात्र फाइल असणे आणि तिच्यातून ग्राहकाला कामाची खबर मिळणे यांत पुष्कळ अंतर आहे.

फीडमधल्या एका नोंदीत मुख्यतः पाच गोष्टी असतात : शीर्षक, पानाचा दुवा, मजकूर, प्रसिद्धीची तारीख आणि त्या नोंदीची कायमची ओळख. यांतल्या शीर्षकाकडे सर्वांचे दुर्लक्ष होते. लोहार चाळीतल्या त्या विक्रेत्याच्या फीडमध्ये एकाखाली एक "प्राइस लिस्ट अपडेटेड", "न्यू प्राइस लिस्ट", "लेटेस्ट प्राइस लिस्ट" अशा नोंदी होत्या. तांब्याचा भाव हलला की वायरचा दर हलतो, त्यामुळे त्याच्याकडे दरपत्रके वारंवार निघतात आणि त्यांतली कोणती कशाची हे उघडल्याशिवाय समजत नाही. फीड वाचणारा माणूस पाच-पन्नास नोंदींच्या यादीवरून अंगठा फिरवत असतो, आणि त्या यादीत त्याला फक्त शीर्षक दिसते. आता तिथे "घरगुती वायर, १.५ आणि २.५ चौ. मिमी : सोमवारपासून दर वाढणार" असे लिहिले जाते. ज्याला केबल ट्रे हवा आहे तो पुढे सरकतो, ज्याला वायर हवी आहे तो सोमवारच्या आत ऑर्डर देतो. शीर्षकात वस्तू, काय झाले आणि केव्हापासून या तीन गोष्टी आल्या की काम झाले. दुकानाचे नाव त्यात पुन्हा लिहू नये, कारण वाचक ॲप ते आपोआप शेजारी दाखवते.

मजकूर पूर्ण द्यावा की थोडक्यात, यावर माझा आणि माझ्या ग्राहकांचा कायमचा मतभेद आहे. वर्डप्रेसच्या 'रीडिंग' सेटिंगमध्ये दोन्ही पर्याय आहेत. व्यावसायिकाला वाटते की अर्धवट मजकूर दिला की ग्राहक वेबसाइटवर येईल आणि भेटींचा आकडा वाढेल. मी विचारतो की आकडा वाढवून करायचे काय? दरपत्रक किंवा कस्टम्सचे टिपण याबाबतीत ग्राहकाला लोकलच्या डब्यात, नेटवर्क जाते-येते अशा ठिकाणी, मजकूर फोनवर आधीच उतरलेला मिळणे ही खरी सेवा आहे, कारण बरीच वाचक ॲप नोंदी आधी साठवून ठेवतात आणि मग इंटरनेट नसले तरी त्या वाचता येतात. त्याने वाचले आणि फोन केला तर विक्री झाली; त्याने वेबसाइट उघडली होती की नाही याने गल्ल्यात फरक पडत नाही. पुस्तकविक्रेत्याचे वेगळे आहे. तिथे मुखपृष्ठ, लेखक, पृष्ठे, किंमत आणि चार ओळींचा परिचय एवढे पुरते, आणि पुढे मागणी नोंदवायला वाचकाला पानावर यावेच लागते.

दरपत्रकाची पीडीएफ फाइल असेल तर ती नोंदीला जोडूनही देता येते. आरएसएसमध्ये फाइलचा पत्ता, बाइटमधला आकार आणि प्रकार सांगण्याची सोय आहे. पॉडकास्टचा आवाजही नेमक्या याच सोयीतून पोहोचतो. परंतु पीडीएफ जोडली म्हणून मजकुराची जागा रिकामी सोडू नये. फोनवर पीडीएफचे बारीक तक्ते दोन बोटांनी मोठे करून वाचणे हा कोणालाच आवडणारा उद्योग नाही. महत्त्वाचे बदल चार ओळींत मजकुरातच सांगावेत.

आता त्या कायमच्या ओळखीविषयी, कारण ग्राहकाचा विश्वास जातो तो बहुधा इथेच. आरएसएसमध्ये तिला जीयूआयडी म्हणतात, ॲटममध्ये आयडी. वाचक ॲप एखादी नोंद नवी आहे की आधी दाखवलेली, हे याच ओळखीवरून ठरवते. ती एकदा दिली की शीर्षक बदलो, पानाचा पत्ता बदलो, मजकुरातली चूक दुरुस्त होवो, ती बदलता कामा नये. ज्यांनी फीड हाताने लिहून घेतलेला असतो त्यांच्याकडे पानाचा पत्ता हीच ओळख म्हणून वापरलेली असते, आणि मग वेबसाइट एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित पत्त्यावर, नेली किंवा डोमेन बदलले की सगळ्या पत्त्यांबरोबर सगळ्या ओळखीही बदलतात. परिणामी फीडमधल्या सगळ्याच्या सगळ्या जुन्या नोंदी ग्राहकाकडे नव्या म्हणून जाऊन आदळतात. दादरच्या त्या पुस्तकविक्रेत्याचे होस्टिंग एका संस्थेने बदलून दिले तेव्हा हेच घडले. वर्डप्रेसची माहिती एका जागेवरून दुसरीकडे नेताना जुना पत्ता शोधून नवा घालण्याची एक सरसकट प्रक्रिया केली जाते. तीत जीयूआयडीचा रकाना वगळावा असे वर्डप्रेसच्या अधिकृत मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलेले आहे, आणि तो वगळला गेला नव्हता. भर मे महिन्यात वाचकांच्या फोनवर गेल्या हंगामातले दिवाळी अंक "नवीन आले" म्हणून झळकले. काहींनी चेष्टा केली, काहींनी फीड काढून टाकला असेल. तो आकडा कळण्याचा मार्ग नाही.

मराठी वेबसाइटच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. शीर्षक देवनागरीत असेल तर वर्डप्रेस पानाचा पत्ताही देवनागरीत करते, आणि यंत्राच्या पातळीवर प्रत्येक अक्षराचे टक्क्याच्या खुणा आणि आकडे असलेले लांबलचक रूप होते. असे पत्ते कुठे अर्धवट तुटतात, कुठे चिकटवताना बदलतात. म्हणून मी पानाचा पत्ता रोमन लिपीत, छोटा आणि हाताने लिहिलेला ठेवतो, आणि ओळखीसाठी वर्डप्रेसचा नोंद-क्रमांकाचा मूळ प्रकार तसाच राहू देतो. फीडची भाषा मराठी आहे हेही फाइलमध्ये सांगावे आणि अक्षरसंकेत यूटीएफ-८ असावा. आज हे बहुधा आपोआप होते, पण जुन्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून थेट दरपत्रक ओढणाऱ्या फीडमध्ये अजूनही प्रश्नचिन्हांच्या रांगा दिसतात.

तारखेबद्दल थोडे. आरएसएसमध्ये तारखेबरोबर वेळेचा पट्टा लिहावा लागतो, आपल्यासाठी अधिक साडेपाच तास. हाताने बनवलेल्या काही फीडमध्ये वेळ भारतीय आणि पट्टा मात्र शून्य असा लिहिलेला असतो, म्हणजे सकाळी दहाला टाकलेली नोंद ॲपच्या हिशेबाने दुपारी साडेतीनची, अजून न घडलेली ठरते. काही ॲप ती यादीच्या डोक्यावर चिकटवून ठेवतात, काही वेळ येईपर्यंत दाखवतच नाहीत. दर "आज दुपारी बारापर्यंत" असा असेल तर याचा अर्थ काय होतो हे सांगायला नको.

आणि मुंबईतल्या व्यापारी पेढ्यांच्या नावांत हमखास येणारे ते 'अँड'चे चिन्ह! "अमुक & सन्स", "तमुक & कंपनी", "स्विच & सॉकेट". फीडची फाइल एक्सएमएल या साच्यात असते आणि एक्सएमएलमध्ये हे चिन्ह राखीव आहे. ते जसेच्या तसे आले तर नियमाप्रमाणे वाचणाऱ्या प्रोग्रामने तिथेच थांबायचे असते. एका चिन्हापायी संपूर्ण फीड बंद पडतो, आणि बंद पडल्याचे दुकानदाराला कळत नाही, कारण त्याच्या वेबसाइटचे पान तर व्यवस्थित दिसत असते. वर्डप्रेस हे चिन्ह स्वतः सांभाळून घेते. हाताने बनवलेल्या फीडमध्ये ते योग्य खुणेत बदलून लिहावे लागते. फीड बरोबर आहे की नाही हे तपासण्याची विनामूल्य सेवा डब्ल्यू३सी ही वेबमानकांची संस्था देते. तिथे पत्ता टाकला की कोणत्या ओळीत काय चुकले ते समजते. वेबसाइटमध्ये कोणताही मोठा बदल केल्यावर मी ही तपासणी करतोच.

दुरुस्तीचा प्रश्न मात्र तपासणीने सुटत नाही. दरपत्रकात चूक झाली आणि ती सुधारली, तर ग्राहकाला कळवायचे कसे? ॲटममध्ये प्रथम प्रसिद्धीची आणि शेवटच्या बदलाची अशा दोन वेगळ्या तारखा असतात, आरएसएस २.०मध्ये नोंदीला एकच. तत्त्वतः ॲटम सरस आहे. प्रत्यक्षात बदललेली जुनी नोंद ठळकपणे पुन्हा दाखवायची की गुपचूप बदलायची, हे प्रत्येक ॲप आपल्या मर्जीने ठरवते. पैशाचा संबंध असलेल्या ठिकाणी दुसऱ्याच्या मर्जीवर राहण्यात अर्थ नाही. म्हणून मूळ नोंद सुधारायची आणि शिवाय "दुरुस्ती" या शब्दाने सुरू होणारी स्वतंत्र नोंद टाकायची, असा शिरस्ता मी घालून दिला आहे. कस्टम्स ब्रोकरकडे तर तो फार उपयोगी पडतो, कारण अधिसूचनेला शुद्धिपत्रक निघणे ही तिथे नेहमीची गोष्ट आहे.

सर्वांना सर्व खबरा देण्याचे कारण नाही, हेही त्याच ब्रोकरकडे प्रथम ध्यानात आले. रसायने आयात करणाऱ्याला सुक्यामेव्याच्या शुल्काशी कर्तव्य नसते. वर्डप्रेसमध्ये प्रत्येक वर्गाला स्वतःचा वेगळा फीड असतो, त्यामुळे मजकुराचे वर्ग विचारपूर्वक पाडले की ग्राहकाला हवा तेवढाच तुकडा लावून घेता येतो. वर्ग आपल्या सोयीने पाडू नयेत, ग्राहक जसा माल मागतो तसे पाडावेत. पुस्तकविक्रेत्याकडे 'दिवाळी अंक', 'बालसाहित्य' आणि 'जुनी दुर्मीळ पुस्तके' असे तीन वेगळे फीड आहेत, आणि त्यांतल्या तिसऱ्याचे लोक सर्वांत चिवट आहेत. एकच प्रत असलेल्या पुस्तकाची नोंद पडली की तासाभरात फोन येतो.

तासाभरात, कारण वाचक ॲप साधारण अर्ध्या-एक तासाने फाइल पाहून जातात. या येरझाऱ्यांचा भार स्वस्तातल्या होस्टिंगवर पडू नये म्हणून वेबच्या नियमांतच एक सोय आहे : ॲप विचारते की मागच्या वेळेनंतर काही बदलले का, आणि बदलले नसेल तर सर्व्हर फक्त '३०४' हा क्रमांक परत देतो, फाइल पाठवत नाही. वर्डप्रेसमध्ये हे तयार असते. याहून तातडी हवी असेल तर वेबसब नावाची पद्धत आहे, डब्ल्यू३सीने २०१८मध्ये मान्य केलेली, जिच्यात नोंद पडताक्षणी मध्यस्थ केंद्रामार्फत ॲपला हाक जाते. बहुतेक दुकानांना तिची गरज नसते. गरज असते ती वेगळ्याच गोष्टीची : वेबसाइटपुढे बसवलेल्या सुरक्षा-सेवेने फीडचा पत्ता मोकळा सोडणे. "तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा" असा अडथळा फीडच्या पत्त्यावरही लावला गेला, तर बिचारे वाचक ॲप दारातूनच परत जाते, कारण ते खरोखरच यंत्र असते.

आता सर्वांत रास्त आक्षेपाकडे येतो. बहुसंख्य ग्राहकांना फीड म्हणजे काय हे माहीत नाही आणि ते कधी वाचक ॲप घेणारही नाहीत. मान्य. वसईच्या कॉन्ट्रॅक्टरला मी फीडलीवर खाते उघड किंवा थंडरबर्डमध्ये फीड जोड असे सांगायला जात नाही. पण फीड एकदा नीट असला की बाकीचे मार्ग त्याच्यावर चालवता येतात. पत्रे पाठवणाऱ्या बऱ्याच सेवा फीडवर नजर ठेवून नवीन नोंदीचे ईमेल आपोआप तयार करतात. टेलिग्रामच्या चॅनेलवर बॉट नोंदी टाकतो. आणि व्हॉट्सॲपवर दुकानातला मुलगा फीडमधले शीर्षक आणि दुवा उचलून पाठवतो. मजकूर एकाच ठिकाणी एकदाच लिहिला जातो, त्यामुळे ईमेलवर एक दर आणि व्हॉट्सॲपवर दुसरा, हा घोळ होत नाही. मात्र फीडचा पत्ता स्वतःच्याच डोमेनवरचा असावा. एकेकाळी फीडबर्नर या फीड पुरवणाऱ्या सेवेच्या पत्त्यावर सगळे ग्राहक जोडून ठेवण्याची पद्धत होती. ती कंपनी २००७मध्ये गूगलने घेतली आणि २०२१मध्ये तिची ईमेल पाठवण्याची सेवा बंद झाली, तेव्हा अनेकांना आपली यादी हाती घेऊन नवे घर शोधावे लागले.

दुसरा आक्षेप लोहार चाळीतून आला. "अहो, मग समोरचा दुकानदारही आमचे दर वाचेल की!" वाचेलच. फीड उघडा असतो. परंतु ज्या पीडीएफवर तो बनला ती वेबसाइटवर आधीच उघडी होती, आणि समोरचा दुकानदार ती उघडत नव्हता असे समजणे भाबडेपणाचे आहे. छापील दर फीडमध्ये जावेत; डीलरला द्यायची सूट आणि उधारीची मुदत फोनवरच राहावी. लॉगिनच्या आडचा मजकूर फीडमध्ये येत नाही ना, एवढे मात्र वेबसाइट सांभाळणाऱ्याने तपासून घ्यावे.

किती जणांनी फीड लावून घेतला आहे, हा आकडा नेमका कधीच मिळत नाही, आणि आलेख दाखवायची सवय लागलेल्या जाहिरात सल्लागारांना हे खटकते. थोडा अंदाज मात्र लागतो. फीडली किंवा इनोरीडरसारख्या सेवा अनेक वाचकांच्या वतीने एकदाच फाइल नेतात आणि नेताना आपल्याकडे या फीडचे किती वाचक आहेत ते सांगतात. सर्व्हरच्या नोंदवहीत ती ओळ सापडते. स्वतःच्या संगणकावरून थेट वाचणारे त्यात मोजले जात नाहीत. त्याच नोंदवहीत आयपी पत्ते असतात, तेव्हा फीडमुळे आपल्याकडे ग्राहकाची कसलीच माहिती येत नाही असेही छातीठोकपणे म्हणू नये. नोंदवही किती दिवस ठेवायची हे ठरवून जुनी पुसत जावे.

एक व्यावहारिक बाब उरली. वेबसाइटचा पत्ता बदलला तर जुन्या फीडच्या पत्त्यावरून नव्याकडे '३०१', म्हणजे कायमचे स्थलांतर, असा निर्देश ठेवावा. चांगली वाचक ॲप तो पाहून स्वतःच्या यादीतला पत्ता बदलून घेतात आणि ग्राहकाला काही करावे लागत नाही. एखादा फीड कायमचा बंद करायचा असेल तर '४१०' द्यावा, म्हणजे ॲप विचारणे थांबवते. पण यासाठी जुने डोमेन निदान वर्ष-दोन वर्षे आपल्याच ताब्यात राहायला हवे. बॅलार्ड इस्टेटच्या त्या ब्रोकरच्या पेढीत भागीदार वेगळे झाले, पेढीचे नाव बदलले, डोमेन बदलले. निर्देश बसवून झाला आहे आणि आयातदारांना टिपणे पूर्वीसारखी मिळत आहेत. जुन्या डोमेनचे वार्षिक शुल्क कोणाच्या खात्यावर टाकायचे, हे मात्र दोन्ही भागीदारांत अजून ठरलेले नाही.